एकही हिरवं नाही

वायरमननी स्विचबोर्डाचा शेवटचा स्क्रू काढून दातांत धरला आणि झाकण नातवाच्या हातात दिलं. आत तारांचा गुंता होता आणि त्यावर कोळ्याचं जुनं जाळं.

“सुटीवर आलोय आपण,” पलंगावर पाय लांब करून बसलेली बायको म्हणाली. “दोन दिवसांची सुटी. त्यातली पहिली संध्याकाळ तुम्ही त्या भोकात डोकं घालून काढणार?”

“दिवा लुकलुकतोय,” वायरमन दातांतल्या स्क्रूसकट म्हणाले.

“लुकलुकू दे. ज्याचा बंगला त्याचा दिवा. लोक डोंगरावर येतात, खिडकीतून दरी बघतात. आमच्या नशिबी स्विचबोर्ड! निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी टेस्टर काही खिशातून सुटत नाही. एक दिवस अंघोळीलासुद्धा घेऊन जातील.”

नातू हसला. गेल्या अठरा दिवसांत तो पहिल्यांदाच हसला असावा. वीस वर्षांचा, अंगापेक्षा पायच जास्त असलेला पोरगा. आजी त्याला बगळ्या म्हणायची. मोबाइलचा उजेड तारांवर धरून तो वाकला.

“आजोबा, ह्यातली लाल कुठली?” त्याने हळूच विचारलं.

हळूच विचारलं तरी मधलं दार उघडं होतं. शेजारच्या खोलीत बॅगा उघडणाऱ्या जावयांचा आवाज आला.

“वा! इथेही सुरू झालं का?”

पलंगावरच्या बायकोने पाय जवळ घेतले. वायरमननी दातांतला स्क्रू काढून खिशात टाकला.

“रंग बघायचाच नाही,” ते म्हणाले. “टेस्टर लावायचा. रंग फसवतो, टेस्टर फसवत नाही.”

हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या हाताखाली शिकून गेलेल्या प्रत्येकाला ते पाठ होतं. तार तपासायची, तिला गाठ मारायची, चिकटपट्टीची चिठ्ठी लावून तिच्यावर आकडा घालायचा, मगच पुढच्या तारेला हात लावायचा. इतरांच्या पाच मिनिटांच्या कामाला वायरमन पंधरा मिनिटं घेत. पण त्यांनी जोडलेली तार कधी उलटी लागली नाही. साहेब लोक नव्या पोरांना सांगत, काम शिकावं तर ह्यांच्याकडून. एवढ्या सावधपणाचं कारण मात्र कुणी विचारलं नव्हतं. कारण इतकंच होतं की लाल तार आणि हिरवी तार वायरमनना एकाच मातकट रंगाच्या दिसत.

हे त्यांनी कधीच कुणाला सांगितलं नव्हतं. नोकरी लागताना सांगितलं असतं तर नोकरी गेली असती. तेव्हा डोळे तपासणाऱ्या कंपाउंडरच्या भावाकडून त्यांनी तपासणीच्या पुस्तकातले, रंगीत ठिपक्यांत लपवलेले आकडे लिहून आणले आणि एका रात्रीत पाठ केले. नंतर लग्न झालं, लेक झाली. चौथीत तिने वडिलांवर निबंध लिहिला, ‘माझे बाबा कधीच चुकत नाहीत.’ त्यानंतर सांगणं आणखी अवघड झालं. माणूस एक खोटं बोलतो आणि मग आयुष्यभर त्याला खरेपणाचे कपडे शिवत बसतो, तसं त्यांचं झालं होतं.

हे असंच झाकलेलं राहिलंही असतं. पण महिन्यापूर्वी नातवाला जहाजाच्या कंपनीत नोकरी मिळाली आणि अठरा दिवसांपूर्वी त्याच ठिपक्यांच्या पुस्तकापुढे तो नापास झाला. लाल-हिरव्यातला फरक ह्याला कळत नाही, असा शेरा पडला. नातवाने आधीच घरात सांगून ठेवलं होतं की मला जहाजावर जायचं नाही. गणित शिकवणाऱ्या जावयांनी दोन आणि दोन चार केले. पोरगा मुद्दाम चुकीचे आकडे बोलला, असं त्यांनी ठरवून टाकलं. तपासणाऱ्या डॉक्टरांनी सांगून बघितलं, हे आईच्या बाजूने येतं, आईच्या वडिलांकडून पुष्कळदा, विचारून बघा. लेकीने फोन लावून विचारलं. आणि वायरमन फोनवर म्हणाले, “छे, आपल्यात कुणालाच नाही.”

असं ते म्हणाले, फोन ठेवला, आणि त्या रात्री जेवले नाहीत.

आता सोमवारी पुन्हा तपासणी होती. ‘ह्या वेळी सरळ बोल,’ एवढंच जावयांनी पोराला बजावलं होतं, आणि तेव्हापासून बापलेक एकमेकांशी बोलत नव्हते. दोघांची डोकी थंड व्हावीत म्हणून लेकीने ही कॉफीच्या मळ्यातली दोन खोल्यांची बंगली घेतली होती, मध्ये उशी असावी तसं आईवडिलांना बरोबर घेतलं होतं. वायरमन गाडीत बसले ते ठरवूनच. सोमवारच्या आत सांगायचं. घाटाच्या पहिल्या वळणावर सांगू म्हणाले, मग सहाव्या. चौदाव्या वळणावर बायकोला मळमळू लागलं आणि विषय राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते उजाडताच उठले. तोंड धुताना आरशातल्या स्वतःकडे बघून त्यांनी वाक्यसुद्धा तयार केलं. बाहेर व्हरांड्यात जावई एकटेच बसले होते. समोरची दरी धुक्याने भरली होती. जवळची झाडं तेवढी दिसत होती.

“या बाबा,” जावयांनी खुर्ची पुढे केली आणि किटलीतून कप भरला. “इथे पाणी मागितलं तरी कॉफीच येते.”

“मला जरा तुमच्याशी बोलायचं होतं.”

“मलाही,” जावई म्हणाले, आणि मास्तर असल्यामुळे तेच आधी बोलले. “मी दुष्ट बाप आहे असं वाटत असेल तुम्हाला.”

“नाही, नाही.”

“वाटत असेल. पण बाबा, बावीस वर्षं वर्गात उभा आहे मी. पोट दुखतंय, वही पाण्यात पडली, आजी गेली. एका पोराची तर एकच आजी वर्षात तीनदा गेली. बहाणा मला चालीवरून ओळखता येतो. जहाजावर जायचं नाही तर नाही म्हण, मी काय मारणार होतो त्याला? पण डोळ्यांचं सोंग? आणि न दिसण्याचं सोंग फार सोपं असतं बघा. दिसतंय हे सिद्ध करता येतं. दिसत नाही हे कोण सिद्ध करणार?”

“पण खरंच दिसत नसेल तर?”

“तेच मी रात्र रात्र घोकत होतो.” जावयांनी कप खाली ठेवला. “खरं असेल तर मी पोराला फुकट छळतोय, असं वाटायचं. मग तुमचा तो फोन झाला. आईच्या वडिलांकडून येतं म्हणतात. आणि आईचे वडील तर तुम्ही! चौतीस वर्षं तारा जोडलेला माणूस. तुमच्या शब्दामुळे माझ्या मनातली शंका गेली. नाहीतर मी एवढा ताठ राहिलोच नसतो.”

वायरमननी कपातली कॉफी प्यायली. साखर घालायची राहिली होती. ती तशीच, तळाच्या गाळापर्यंत, त्यांनी प्यायली.

“तुम्हाला काय बोलायचं होतं?”

“काही नाही. दिव्याचं. काल दुरुस्त केला तो.”

वाक्य तयार असलं म्हणून तोंड तयार असतंच असं नाही.

दहाच्या सुमारास मळ्यातून बोलावणं आलं. फळं काढायचे दिवस होते आणि पाहुण्यांना हौस म्हणून तासभर तोडणी करू देत असत. बंगलीमागच्या उतारावर उंच झाडांच्या सावलीत कॉफीची झुडपं ओळीने उभी होती, पानांवरून अजून पाणी ठिबकत होतं. मुकादमीण पन्नाशीची होती. अंगात पुरुषी शर्ट, डोक्याला फडकं आणि आवाज असा की खालच्या ओळीतल्या बायकांना वर बघावं लागे. तिने प्रत्येकाच्या कमरेला टोपली बांधली.

“लाल तेवढी तोडायची. हिरव्याला बोट लावायचं नाही. एक कच्चं फळ दहा पिकलेल्यांची चव घालवतं. आणि टोपल्या नंतर ताडपत्रीवर ओतून आम्ही पुन्हा निवडणार, राग मानू नका. पाहुणे तासभर हौस करतात आणि माझ्या बायका दुपारभर ती निस्तरतात.”

“मला नको गं बाई टोपली,” बायको एका दगडावर टेकत म्हणाली. “ह्या कमरेला मीच जड झालेय. मी बसून तुमच्या चुका काढते. त्यात मला अनुभव आहे.”

वायरमननाही नाही म्हणता आलं असतं. पण नाही म्हटलं तर का, हे सांगावं लागलं असतं. ते ओळीत शिरले. फांदीला फळं घोसाने लगडली होती, आणि घोसातलं प्रत्येक फळ त्यांना शेजारच्यासारखंच दिसत होतं. अगदी पिकून काळी पडलेली तेवढी वेगळी कळत. त्यांनी एक फळ अंगठा आणि बोटामध्ये धरून दाबलं. खड्यासारखं टणक. सोडून दिलं. दुसरं दाबलं. ते कानाच्या पाळीसारखं किंचित दबलं, पिळताच देठ न ओढता हातात आलं. एवढं पुरे होतं. पुढे बोटं आपली आपण चालू लागली. डोळे नुसते सोबतीला होते.

दोन ओळी पलीकडे नातू तोडत होता. उंच असल्यामुळे त्याचा हात सगळ्यात वरच्या फांद्यांवर होता. तो एकेक घोस तोंडाजवळ आणून बघत होता, बराच वेळ बघत होता, आणि मग तोडत होता. ते बघणं वायरमनच्या ओळखीचं होतं. त्याला जाऊन सांगावं, बघू नको, दाब, असं त्यांच्या अगदी ओठावर आलं. तेवढ्यात लेक मध्ये आली.

“बाबा, बघा ना, किती सुरेख लाल आहे हा घोस!”

“हो,” वायरमन म्हणाले. “सुरेख आहे.”

किती सहज निघालं तोंडातून. जीभसुद्धा अडली नाही. त्याचीच त्यांना त्या क्षणी शिसारी आली.

तासाभराने मुकादमिणीने हाक मारली. पायवाटेवर ताडपत्री पसरली होती. जावयांच्या टोपलीत दहा-बारा हिरवी निघाली. लेकीच्या टोपलीत तेवढीच, वर मूठभर पानं. वायरमनची टोपली ओतल्यावर मुकादमिणीने त्या ढिगातून हात फिरवला. पुन्हा फिरवला. मग खालच्या ओळीतल्या दोन बायकांना तिने हाक मारून वर बोलावलं.

“ह्याला म्हणतात टोपली. एकही हिरवं नाही. रोजच्या हातांचीसुद्धा अशी निघत नाही. काय नजर आहे आजोबांची!”

“मग!” लेक म्हणाली. तिचा चेहरा चौथीतल्या निबंधासारखा झाला होता.

शेवटी नातवाची टोपली ओतली. निम्मी टोपली हिरवी होती.

“हे काय आहे?” जावयांनी विचारलं.

“फळं,” नातू म्हणाला.

“मला दिसतायत. मी विचारतोय हे काय आहे?”

“मी नीट बघूनच तोडली, पप्पा.”

“बघून? निम्मी टोपली, आणि बघून?” जावयांचा आवाज चढला नाही; वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचतो तसा तो सपाट झाला. “आम्हाला इथे चार लोकांत दाखवून द्यायचं होतं ना? बघा, मला दिसत नाही म्हणून? मग हेही बघ. हा ढीग आजोबांचा, हा तुझा. एक सत्तरीतला माणूस, एक विशीतला. रक्त एकच. अजून कुठला पुरावा पाहिजे?”

नातवाने कमरेची दोरी सोडली. टोपली शांतपणे खाली ठेवली.

“जहाजावर जायचं नाही हे मी तुमच्या तोंडावर सांगितलं होतं. तेव्हा घाबरलो नाही. मग हे खोटं कशाला बोलू?”

लेक ताडपत्रीकडे बघत राहिली. आणि वायरमनना एकदम कळलं की तयार केलेल्या वाक्याची वाट बघत बसलो तर सोमवार येईल आणि जाईल.

“तो खरं बोलतोय,” ते म्हणाले.

“बाबा, तुम्ही मध्ये पडू नका. आजोबांची माया असते, मला समजतं.”

“माया नाही. मलाही दिसत नाही. जन्मापासून. लाल आणि हिरवा मला सारखाच.”

लेक हसली. “काहीतरीच बोलू नका, बाबा. मीच तुम्हाला फोन करून विचारलं होतं.”

“विचारलं होतंस. मी खोटं सांगितलं.”

“अहो बाबा,” जावई म्हणाले, आणि त्यांचा आवाज आता इतका मऊ झाला की वायरमनना तो रागापेक्षा जड वाटला, “नातवासाठी माणूस काहीही करतो. पण तुमचा ढीग समोर पडलाय. ही काय न दिसणाऱ्या माणसाची तोडणी आहे?”

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. पण माणसाने मूठ उघडून दाखवावी, आत काही नाही म्हणून सांगावं, आणि लोकांनी हट्ट धरावा की नाही, आत सव्वा लाखच आहेत, तर त्याने काय करावं? वायरमननी आपल्या ढिगाकडे पाहिलं. अशी कामं आयुष्यभर निघाली होती त्यांच्या हातून. आज त्यातलं प्रत्येक त्यांच्याविरुद्ध साक्ष देत होतं. आता चुकून दाखवण्यातही अर्थ नव्हता. न दिसण्याचं सोंग सोपं असतं, हे मास्तर सकाळीच सांगून चुकले होते.

“माझे डोळे बांधा,” ते म्हणाले.

“अं?”

“बांधा. आणि ज्या झाडाला मी हात लावलेला नाही अशा झाडापाशी मला न्या.”

मग बायको दगडावरून उठली. गळ्याभोवतीची लोकरीची पट्टी सोडत ती त्यांच्यामागे येऊन उभी राहिली, पट्टीची दुहेरी घडी त्यांच्या डोळ्यांवर ठेवली आणि गाठ मारली.

“घट्ट झालं का?” तिने विचारलं.

“नाही.”

“मग आणखी जरा होऊ दे,” ती म्हणाली, आणि दुसरी गाठ मारली.

मुकादमिणीने त्यांना दंडाला धरून नेलं. अंधारात पानांचं पाणी मनगटावर पडलं. वायरमननी फांदी शोधली, घोस शोधला आणि तोडायला सुरुवात केली. घाई केली नाही. चाळीस वर्षांपूर्वी खांबावर चढताना ठेवायचे तसा श्वास एका लयीत ठेवला. दाबायचं, सोडायचं, दाबायचं, पिळायचं. तोडलेलं फळ डाव्या ओंजळीत टाकायचं. ओंजळ भरली तेव्हा त्यांनी ती पुढे केली. मुकादमिणीने फळं एकेक करून आपल्या हातात घेतली.

“सगळी लाल,” ती म्हणाली. नेहमीच्या मोठ्या आवाजात नाही.

मग दंडाला दुसरा हात लागला. घड्याळाचा थंड पट्टा टेकला त्यावरून हात जावयांचा आहे हे त्यांना कळलं. गणिताचा मास्तर एका उदाहरणावर थांबत नाही. चार ओळी ओलांडून जावयांनी त्यांना दुसऱ्या झाडापुढे उभं केलं, घोस स्वतः हातात दिला. वायरमननी पुन्हा ओंजळ भरली. ह्या वेळी तपासायला वेळ लागला.

“सगळी लाल,” जावई म्हणाले.

“पिकलेलं दबतं,” वायरमन पट्टीआडून म्हणाले. “कच्चं दबत नाही. ह्यात डोळ्यांचं काही काम नाही. तारांचंही तसंच. टेस्टर, गाठ, चिठ्ठी. रंग बघून मी आजवर एकही तार जोडलेली नाही. नोकरीच्या तपासणीत ठिपक्यांचे आकडे पाठ करून बोललो होतो. तुमचा मुलगा त्या पुस्तकापुढे खरं बोलला. मी बोललो नव्हतो.”

मग लेकीचा आवाज आला, पण त्यांच्या दिशेने नाही.

“आई, तुला माहीत होतं?”

“लग्नानंतर पहिल्याच महिन्यात दोन किलो टोमॅटो घेऊन आले होते,” बायको म्हणाली. “पिकलेले म्हणून. त्यातला एकसुद्धा पिकलेला नव्हता, दगड मारायच्या लायकीचे होते. मी म्हटलं, अहो, बाजारात फळ दाबून बघायचं असतं. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. त्यांचे मोजे मी काय हौस म्हणून जोडी लावून ठेवते एवढी वर्षं?”

वायरमननी पट्टीखाली डोळे उघडले. आत अंधारच होता. फळ दाबायला आपल्याला कुणी शिकवलं हे ते विसरूनच गेले होते.

“मग बोलली का नाहीस? अठरा दिवस?”

“त्यांचं होतं ते. त्यांनीच बोलायचं. आज तोंड उघडलं नसतं तर उद्या घाट उतरताना मी उघडलं असतं. पण मग ते मी बोलल्यासारखं झालं असतं.”

लेक जवळ आल्याचं त्यांना कळलं. कुणीतरी पट्टीची गाठ सोडू लागलं. गाठी घट्ट होत्या, वेळ लागला. उजेड आत आला तेव्हा समोर लेक होती. तिचा चेहरा निबंधासारखा नव्हता.

“माझ्या पोराला आम्ही रोज खोटारडा म्हणत होतो,” ती म्हणाली. “आणि ते तुम्ही ऐकत होतात.”

“हो.”

तो ‘हो’ म्हणायला त्यांना तयारी लागली नाही. लेकीने पट्टी त्यांच्या हातात दिली आणि ती वळून बंगलीकडे चढू लागली. वायरमननी तिला हाक मारली नाही.

“सोमवारी मी येतो,” ते जावयांना म्हणाले. “ह्याच्याबरोबर माझीही तपासणी करा म्हणावं. कागदावर लिहून द्या म्हणावं. आमच्याकडून आलंय ते कागदावर असलं पाहिजे.”

“आणि तुमच्या ऑफिसात कळलं तर? मागचं सगळं उकरून काढतील हो,” बायको म्हणाली.

“काढू देत.”

जावयांचं लक्ष नव्हतं. ताडपत्रीजवळ उकिडवे बसून ते ढिगातून काहीतरी शोधत होते. एक फळ उचललं, दुसरं उचललं, दोन्ही तळहातावर ठेवली आणि उठून मुलापाशी गेले. दोन्ही फळं त्यांनी त्याच्यासमोर धरली. ज्याचं उत्तर स्वतःला येत नाही असा प्रश्न मास्तरांनी बऱ्याच वर्षांत विचारला नसावा.

“तुला... हे कसं दिसतं?”

नातवाने बघितलं. त्याच्या त्या सावकाश पद्धतीने.

“सारखंच. डावं जरा काळपट असेल.”

“किती काळपट?”

वायरमन पायवाटेने निघाले. ते दोघांचं होतं; तिसऱ्याने ऐकायचं नव्हतं. मागून मुकादमिणीने हाक मारून सांगितलं की कधी काम लागलं तर या, डोळे बांधून आलात तरी चालेल. बायको हसली. वायरमनना हसू आलं नाही, पण पाय सकाळपेक्षा हलके पडत होते एवढं खरं.

लेक दुपारी जेवायला आली नाही. डोकं दुखतंय म्हणाली. जेवणं झाल्यावर बापलेक दरीच्या कडेला फिरायला गेले, बायको आडवी झाली, आणि वायरमन व्हरांड्यात येऊन बसले. बरोबर आणलेलं पुस्तक त्यांनी उघडलं, पण पान उलटलं नाही. धुकं उठलं होतं. समोरचे डोंगर एकामागे एक उभे होते, आणि त्यांचा रंग कोणता असेल ह्याचा विचार आज त्यांनी केला नाही.

चारच्या सुमारास दार वाजलं. लेक बाहेर आली आणि खुर्चीत न बसता कठड्याला टेकून उभी राहिली, दरीकडे तोंड करून.

“लहान असताना मी चित्रं रंगवायची,” ती म्हणाली. “तुम्ही कामावरून यायची वाट बघत बसायची. आल्या आल्या तुमच्या हातात द्यायची.”

“हो.”

“तुम्ही बूटसुद्धा न काढता बराच वेळ बघायचात. आणि म्हणायचात, काय सुरेख रंगवलंयस.”

वायरमननी पुस्तक मिटलं.

“इतका वेळ काय बघायचात?”

सोपी उत्तरं त्यांच्याकडे कायम तयार असत. त्यातली दोन-तीन आलीही पुढे. त्यांनी ती जाऊ दिली. ती चित्रं आठवायला त्यांना थोडा वेळ लागला. वहीचे फाडलेले कागद, कोपरे ओले, वर दाबून धरलेल्या खडूचं मेण.

“तुझा रंग रेघेच्या बाहेर कधी जायचा नाही,” ते म्हणाले. “नखाएवढा पक्षी काढलास तरी चोचीच्या टोकापर्यंत भरलेला असायचा. मध्ये कुठे कागद उघडा राहायचा नाही. ते मला दिसायचं.”

खाली मळ्यात बायका पाठीवर पोती घेऊन ओळीने वर येत होत्या. शेवटची बाई वळणाआड जाईपर्यंत लेक बघत राहिली. मग तिने पालथ्या हाताने नाक पुसलं.

“सोमवारी साडेसातला निघायचंय,” ती म्हणाली. “काहीतरी खाऊन या. तिथे फार वेळ बसवून ठेवतात.”